बोठे सरांचा पिपिन

बोठे सर खूश झाले की समोरच्याला सफरचंद म्हणतात. तेही इंग्रजीतून.

रिटायर होईपर्यंत ते हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. कुठल्याशा जाडजूड डिक्शनरीत त्यांना ‘पिपिन’ हा शब्द सापडला. मूळ अर्थ, कलम न करता बीपासून वाढलेलं सफरचंद. जुन्या काळी इंग्रज लोक लाखात एक असणाऱ्या माणसालाही पिपिन म्हणायचे म्हणे. आता आमचं राहाता पडलं पेरूचं गाव, इथे या सफरचंदाला कोण विचारतो? पण सरांनी ते लावून धरलं.

पळत येणाऱ्या म्हातारीसाठी एसटी थांबवणारा कंडक्टर पिपिन. भर पावसात अडलेली म्हैस मोकळी करणारा डॉक्टर पिपिन. माझ्या बायकोला तर हा किताब नुसत्या थालीपिठावर मिळाला. मी वर्षानुवर्षं सरांचा शेजारी. त्यांचा गॅस मी लावून देतो, मोबाईल मी रिचार्ज करतो. माझं विचारलं की, ‘पाहू.’ एका पुढाऱ्याने सत्काराच्या वेळी माइकवरून मागितला, त्यालाही ‘पाहू.’ तेवढंच काय ते मला समाधान.

खरी गंमत सरांच्या बायकोची, माईंची. ‘सगळ्या गावाला वाटीत फिरत्यात, मला एकदाबी न्हाई म्हनले,’ असं त्या हसत सांगायच्या. पण ते हसणं वरवरचं असायचं. मला सरांचा रागच यायचा.

गेल्या हिवाळ्यात माई बहिणीकडे सुप्याला गेल्या. मी डबा घेऊन सरांच्या बागेत गेलो. बाग सगळी कलमी पेरूंची, ओळीत लावलेली. मधेच एक वेडंवाकडं झाड, आपोआप उगवलेलं. ट्रॅक्टरसुद्धा त्याला वळसा घालून जातो. सर त्याच्यासमोर उभे राहून पुटपुटत होते, ‘अगं, पिपिन आहेस तू.’

मला पाहून ओशाळले. म्हणाले, ‘लग्न झालं त्या वर्षी आम्ही दोघांनी इथे बसून एक पेरू खाल्ला होता. त्याच्या बीचं हे झाड.’

‘मग माईंनाच म्हणा की सरळ.’

‘धीर होत नाही रे. गावाला म्हणून म्हणून सराव करतोय.’

माझा राग कुठल्या कुठे गेला.

माई परत यायच्या दिवशी सर मलाही स्टँडवर घेऊन गेले. डब्यात त्याच झाडाच्या पेरूच्या फोडी, तिखटमीठ लावलेल्या. माईंनी उतरल्या उतरल्या एक तोंडात टाकली.

‘बिया लई हायेत.’

‘पिपिन,’ सर म्हणाले.

‘घ्या. आता पेरूलाबी म्हनाया लागले.’

सर स्वतःच्या चपलांकडे पाहत राहिले. ‘पेरूला नाही.’

माई चावायच्या थांबल्या. पदराने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. मग पिशवी माझ्या हातात दिली आणि एक फोड उचलून सरांना भरवली. भर स्टँडवर, चार लोकांत.

मी पिशवी घेऊन पुढे निघालो. माझं अजून ‘पाहू’च आहे.