विजयसिंह अण्णांचे वाढते पाय

केज तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत वाढत्या मुलांच्या पायांची तपासणी ठरली. मुलं पाय घासून, नखं कापून आली. पाय पुन्हा मळू नयेत म्हणून त्यांना सकाळपासून सतरंजीवर बसवून ठेवण्यात आलं. चालण्यास सक्त मनाई होती.

रांगेत सर्वांत पुढे दुसरीतली स्वप्नाली होती. ती चालताना डावा पाय ओढायची. तिची आई पंचशीला कापूस वेचणीला खाडा करून आली होती.

उद्घाटनाशिवाय पाय तपासणं नियमात बसत नव्हतं. गावचे पुढारी विजयसिंह अण्णा दुपारी उगवले. फीत कापून झाल्यावर मुख्याध्यापक राधाकिशन सर म्हणाले, "पहिलं पाऊल अण्णांचंच."

अण्णांनी ओला पाय फरशीवर उमटवला. तपासणी पथकातले डॉक्टर वाकून पाहत राहिले.

"तळवा सपाट आहे. बुटात घालायची खास गादी लागेल. शासन मोफत देतं, पण फक्त वाढत्या मुलांना."

अण्णांनी पोटावरून हात फिरवला. "मंग आमी काय वाढंना झालोत का?"

डॉक्टरांनी नोंदणीचा टॅब उघडला. टॅबमध्ये खरं वय जाईना, म्हणून बारा टाकलं. टॅबनं इयत्ता विचारली. सातवी टाकली. आता सातवीच्या पटावर नाव नसेल तर जाब सरांना द्यावा लागणार, म्हणून सरांनी तिथंच प्रवेश दिला. विद्यार्थी हजर, तर पोषण आहारही आला. अण्णांनी दोनदा खिचडी मागितली. "लई झ्याक हाय," ते म्हणाले.

मग वजन भरलं. बारा वर्षांच्या मुलाचं एवढं वजन पाहून टॅब लाल झाला. बालक अतिगंभीर. सगळं पथक अण्णांभोवती जमलं. अण्णा खुशीत होते. इथं गावच्या रखडलेल्या रस्त्याचं कुणी विचारत नव्हतं. मधेच करंगळी दाखवून ते बाहेरही जाऊन आले.

"सायेब, माझ्या लेकराचा पाय तेवढा बघा की," पंचशीला म्हणाली.

"बाई, तुमच्या पुढच्या विद्यार्थ्याचं अजून चालू आहे," डॉक्टर म्हणाले.

"त्यो विद्यार्थी नातवंडं खेळवायलाय."

"प्रणालीत तसं दिसत नाही."

ऊन उतरलं तसं पथक आवरून जीपमध्ये बसलं. पंचशीलानं स्वप्नालीला उचलून बॉनेटवर उभं केलं.

"आता तरी दिसायलंय का?"

डॉक्टरांना काचेतून दिसलंच. ते खाली उतरले, त्यांनी तिचे दोन्ही पाय जोडून पाहिले आणि ते हळू आवाजात म्हणाले, "डावा आखूड आहे. अंबाजोगाईच्या दवाखान्यात नेऊन एक्स-रे काढा. उशीर करू नका."

जीप गेली. तपासणी अभियानाचा व्हिडिओ मात्र काढायचा राहिला होता. सर म्हणाले, "स्वप्नाली, चालून दाखव बाळा." ती मैदानभर पाय ओढत चालली. सरांनी व्हिडिओला ढोलकीचं गाणं जोडलं, 'आनंदी पावलं' असं नाव दिलं आणि तो मोबाइलवरून सगळीकडे पाठवला. गाण्याच्या ठेक्यावर तिचं लंगडणं इतकं चपखल बसलं, की जिल्हाभर लोकांनी लाल बदाम पाठवले.

पंचशीला शेजारणीच्या फोनवर ते बदाम बघत बसली. "इतकी माणसं बघायलीत," ती म्हणाली, "यातलं येक तरी इचारील, पोरीला काय झालंय."

तुम्हालाही तो व्हिडिओ आला असेल. ठेका खरंच छान आहे. तुम्ही कितीजणांना पाठवलात?