सत्काराचं सरबत

फ्रिजमध्ये कोथिंबिरीमागे आडवी पडलेली बाटली मनकर्णाबाईंच्या हाती लागली. थोड्याच वेळात महिला मंडळाच्या बायका घरी येणार होत्या आणि तेही कशाला, तर धाड गावातलं दारूचं दुकान मतदानाने बंद पाडल्याबद्दल मनकर्णाबाईंचा सत्कार करायला.

त्या मतदानाला बरीच वर्षं झाली होती, सत्काराचा मुहूर्त मात्र आत्ता लागला होता. चिठ्ठीवर बाटलीची दोन चित्रं होती. उभीवर शिक्का म्हणजे दुकान चालू, आडवीवर शिक्का म्हणजे बंद. मनकर्णाबाईंनी घरोघर फिरून, तव्यावरची भाकर उतरवायला लावून बायका शाळेपुढच्या रांगेत आणून उभ्या केल्या होत्या. आडवी बाटली जिंकली तेव्हा एवढा गुलाल उडाला, की त्या दिवशीच्या लुगड्याचा मूळ रंग कोणता, हे पुढे त्यांनाही आठवेना.

“काजल! हे काय होय, पोरी?”

नुकतीच अमेरिकेहून आलेली नात खाली मान घालून उभी राहिली. “व्हाइट वाइन हाय, आजी. मिसुरीत माह्या घरमालकीणबाई हायेत ना, तुह्याच वयाच्या, त्याइचा द्राक्षाचा मळा हाय. तिथंच करतात अन् आसपासच्या गावात इकतात. ‘आजीले दे’ म्हणे. मले नाही म्हणवलं नाही.”

“म्हंजे दारूच ना!”

“पण आडवीच ठेवली होती ना, आजी.”

“दात नोको काढू! फेक ते पहिले.”

पण फेकायची कुठे? मोरीचं पाणी उघड्या नालीतून थेट अंगणापुढून जायचं, आणि बायका तिथेच चपला काढणार. वास गावभर झाला असता. एवढ्यात दारात आवाज आलेच. मनकर्णाबाईंनी झाकण पिळलं, वाइन पातेल्यात ओतली, वर ताट झाकलं आणि रिकामी बाटली ज्वारीच्या कोठीत खुपसली. पदर सावरून त्या बाहेर आल्या, तर जनकाबाई आत शिरतच होत्या. मतदानाच्या वेळी मनकर्णाबाईंच्या खांद्याला खांदा लावून फिरलेली ही मैत्रीण.

“तू पाटावर बस. आज तुहा मान हाय. चुलीचं मी पाह्यतो.”

“अवं, पण...”

“बस म्हनलं ना!”

मनकर्णाबाईंना पाटावर बसवलं गेलं. कुंकू लागलं, ओटीत नारळ पडला, खांद्यावर साडी आली. भाषण सुरू झालं आणि जनकाबाई सरबताचे पेले घेऊन बाहेर आल्या.

मनकर्णाबाईंनी काजलकडे पाहिलं. काजलने स्वयंपाकघराकडे पाहिलं. पातेलं ओट्यावर पालथं होतं.

“लिंबं पिळूनच ठेवले होते बाईनं,” जनकाबाई कौतुकाने सांगत होत्या. “म्या फक्त साखर, मीठ अन् इलायची टाकली.”

“लिंबू कुठचं होय वो? लयच गुळचट लागते,” मंडळातल्या मंजुश्रीने विचारलं.

“परदेशी हाय,” काजल पुटपुटली.

बायकांनी दुसरा पेला मागितला. एरवी नाव सांगतानाही लाजणारी महामाया उठून गवळण म्हणू लागली. मंडळाच्या दर बैठकीला हेच सरबत करायचं, असा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात झाला, आणि अनुमोदन म्हणून मनकर्णाबाईंचाच हात धरून वर करण्यात आला. त्यांचा स्वतःचा पेला मात्र तसाच भरलेला होता. आयुष्यभराचं नाव त्या पेल्यात बुडताना दिसत होतं.

बायका निघाल्या. जनकाबाई चप्पल शोधत मागे रेंगाळल्या. मनकर्णाबाईंना राहवेना.

“जनके, ते शरबत...”

“मले शिकवतं का? एवढी वर्षं नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला म्या. मले लिंबू समजत नाही?”

मनकर्णाबाई भिंतीला टेकल्या. “मंग बायकाइले पाजलं काऊन?”

“चव पाह्यली तवा समजलं. तोवर पेले मांडले होते, भाषण सुरू झालं होतं. बोंब मारतो तं तुह्या नावाची माती झाली असती. म्हनून दोन तांबे पानी ओतलं त्यात.”

मनकर्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जनकाबाईंनी चप्पल पायात सरकवली, मागेपुढे पाहिलं आणि त्यांच्या कानाशी वाकल्या.

“पुढच्या बैठकीले पानी जरा कमी टाकू.”