एक्केचाळिसाव्या मजल्यावरचं दार

खेळात एकोणीस खोल्या होत्या, दोनशे सहा वस्तू, तीन यंत्रमानव, एक मांजर आणि एक आजी. कोणत्याही वस्तूवर क्लिक केलं की ती काहीतरी बोलायची, आणि एकही वस्तू दुसरीचं वाक्य उसनं घेत नव्हती. इंडोनेशियातल्या जोग्जा शहरात भाड्याच्या खोलीत बसून वेनिंगने हे सगळं लिहिलं होतं. चित्रं त्याच घरात राहणाऱ्या तिच्या मित्राची, दानांगची. खेळ दोघांनी फुकट ठेवला होता.

गोष्ट बावीसशे चाळीस सालची. शहर पाण्यावर तरंगतंय, वर्गणी भरणाऱ्यांच्याच छपरावर पाऊस पडतोय, आणि सुमी नावाची दुरुस्तीवाली चुंबकी बूट घालून, इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरून चालत, एक्केचाळिसाव्या मजल्यावरच्या आजीचा रुसलेला, भात शिजवणारा यंत्रमानव दुरुस्त करायला निघालीय. भिंतीवरून चालताना खाली दिसणारा दिव्यांचा समुद्र इतका सुंदर होता, की खेळणारे तिथे उगाचच थांबून राहत.

लिस्बनच्या एका प्रदर्शनाने हा खेळ निवडीसाठी मागवला होता. निवड झाली, तर वेनिंगचे वडील आणखी एक वर्ष गप्प बसणार होते. नाही झाली, तर सोलो शहरात काकांच्या बाटिक कापडाच्या दुकानात तिची खुर्ची पुसून तयार होती.

सोमवारी निवड समितीच्या दुआर्तेबाईंचा निरोप आला. "खेळ अप्रतिम आहे. मी आजीच्या दारात उभी आहे. आत कसं जायचं?"

"कसं म्हणजे?" दानांग म्हणाला. "दार उघडंच आहे. जा म्हणावं आत."

वेनिंगने तेच जरा सभ्य भाषेत कळवलं. उत्तर आलं, "सुमी 'येऊ का?' म्हणते, आजी 'ये ना' म्हणते, आणि सुमी तिथेच उभी राहते."

दोष शोधायचा तर आधी तो आपल्याकडे घडवून पाहावा लागतो. दोघांनी परत परत खेळून पाहिलं. सुमी दर वेळी आत गेली. संगणक बदलला, माऊस बदलला, तरी गेली. शेवटी घरमालकीण बू हार्तींना बसवलं.

"गेली की!" बू हार्ती म्हणाल्या. "त्या बाईचाच माऊस उपाशी असेल."

दानांगने मग संशयावरून अख्खं दार नव्याने बांधलं. लिस्बनहून कळलं, "आता मांजर आत जातं. सुमी नाही."

बुधवारी निरोप आला. "पिशवीतली प्रत्येक वस्तू दारावर वापरून पाहिली. सुका मासा दोनदा. माझे सहकारी म्हणतात, हे दार म्हणजे माणसाच्या एकटेपणाचं रूपक आहे. तसं असेल तर फारच खोल आहे, पण शुक्रवारी निर्णय द्यायचाय."

"रूपक?" दानांग दचकला. "मी तर त्याला नुसता हिरवा रंग दिलाय गं!"

गुरुवारी त्याला आंघोळीत नवी कल्पना सुचली. ओल्या केसांनी तो अंगण ओलांडून धावत आला आणि वेनिंगच्या खोलीत पाय टाकला.

"दानांग!" मागून बू हार्ती कडाडल्या. "चपला! आत्ता फरशी पुसलीय मी. घर आहे का बाजार?"

दानांग एक पाय आत, एक बाहेर असा थिजला. वेनिंगने त्याच्या पायांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आजीच्या दारात सुमी उभी होती. पायांत चिखलाने भरलेले चुंबकी बूट.

"दानांग, या दारात आल्यावर तू पहिलं क्लिक कशावर करतोस?"

"बुटांवर. काढायला नकोत? बूट घालून कोण आत..." तो थांबला.

सुमी बूट काढल्याशिवाय आत जाणार नाही, हे वेनिंगनेच लिहिलं होतं. ते कोडं आहे, हे तिच्या ध्यानातही नव्हतं.

"पायपुसणं ठेवू," ती म्हणाली. "कुणालाही कळेल."

दानांगने नक्षीदार पायपुसणं काढलं. संध्याकाळी उत्तर आलं. "पायपुसणं सुंदर. बूट स्वच्छ पुसले. अजून बाहेरच आहे."

"सरळ पाटी लावू, 'बूट काढा' म्हणून," दानांग म्हणाला.

"आजीच्या दारावर पाटी? आजी आहे की सरकारी दवाखाना?"

"पाटी कशाला हवी?" चहा घेऊन आलेल्या बू हार्तींनी विचारलं. "आतल्या म्हातारीला तोंड नाही का?"

वेनिंगने हळूच ध्वनिमुद्रण सुरू केलं आणि दानांगला खुणावलं. "चपला घालून ये."

"परत ओरडतील!"

"तेच तर हवंय."

त्याने पाय टाकला. बू हार्ती या वेळी चपलांवर थांबल्या नाहीत. त्याचे मघाचे ओले केस आणि त्याच्या आईने लावलेलं वळणही त्यांनी काढलं. वेनिंगने ते सगळं जावानीज बोलणं, बू हार्तींच्याच आवाजात, जसंच्या तसं आजीच्या तोंडी घातलं. खाली अर्थ दिला नाही.

शुक्रवारी दुआर्तेबाईंनी लिहिलं, "शब्द एकही कळला नाही. लगेच बूट काढले. आजी भेटल्या. तुमची निवड झाली आहे."

प्रदर्शनात तीनशे बारा जण त्या दारापर्यंत पोहोचले. तीनशे बाराही जण आत गेले. त्यांतल्या सत्तावीस जणांनी खुर्चीखाली स्वतःचे बूट काढून ठेवले होते.