पिवळ्या बल्बची चौकशी

छपाईवाल्याने स्क्रीनवर, म्हणजे छपाईच्या जाळीवर, आधी पाण्याचा हलका फवारा मारला, मग जोराचा मारला, मग ब्रश घेऊन घासून पाहिलं, तरी अक्षरं उघडेनात. जाळीवर लावलेलं इमल्शन नावाचं रसायन उजेड लागला की घट्ट बसतं. अक्षरांच्या जागा झाकून ठेवल्या, तर तिथलं मऊ राहतं आणि पाण्याने निघून जातं, इतका साधा मामला. पण स्क्रीन वाळताना आधीच कुठून उजेड लागला, तर सगळंच दगड होतं. तसंच झालं होतं. सायकल मंडळाची शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि साठ कोऱ्या बनियनी टेबलावर घडी घालून पडल्या होत्या.

जिन्याखालच्या अंधाऱ्या खोलीत स्क्रीन वाळायच्या. पिवळा उजेड इमल्शनला बाधत नाही म्हणून तिथे पिवळा बल्ब असायचा. तो त्याने कालच बदलला होता, त्यामुळे गुन्हेगार कोण याबद्दल त्याला शंका उरली नाही. बल्ब काढून तो तणतणत दिव्यांच्या दुकानात गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर दुकानदाराला म्हणाला की, पिवळ्या काचेत पांढरा उजेड भरून विकता, लाज कशी वाटत नाही. दुकानदाराने तो बल्ब परत न घेताच शांतपणे दुसरा दिला. त्या शांतपणामुळे छपाईवाल्याचं डोकं आणखीच फिरलं. तो घरी आला ते बायकोला हे सांगतच, की ज्याच्या मनात चोरी असते तोच इतका गरीब चेहरा करतो.

बायकोने दुसऱ्या स्क्रीनला इमल्शन लावलं. या वेळी त्याने धोका पत्करला नाही. खिडकीच्या फटींना काळा कागद चिकटवला, कुलपाच्या भोकात कापूस कोंबला आणि पंखा लावून स्वतः आत राखणीला बसला. पाचच मिनिटांत बाहेर शेजाऱ्याने स्कूटरचा हॉर्न तीनदा वाजवला. छपाईवाला बाहेर आला, शेजाऱ्याला काय बोलायचं ते बोलला आणि परत आत गेला. मग फोन वाजत राहिला आणि बायको तो उचलेना, म्हणून तो पुन्हा बाहेर आला. तिसऱ्यांदा तो फक्त दुकानदाराबद्दल आठवलेला एक मुद्दा तिला सांगायला आला होता.

दुसऱ्या स्क्रीनचीही अक्षरं उघडली नाहीत. आता त्या बल्बवाल्याचं दुकानच बंद पाडतो, असं म्हणत तो चपला शोधू लागला.

बायकोने त्याला थांबवलं. एका लहान फ्रेमला इमल्शन लावून तिने ती अंधारात वाळवली, त्यावर एक नाणं ठेवलं आणि पाव तास त्या बल्बखाली धरली. खोलीत ती एकटीच होती. बल्बमध्ये खोट असती तर नाण्याखालचं तेवढं धुऊन निघालं असतं आणि बाकीचं चिकटून राहिलं असतं. पण पाणी मारल्याबरोबर सगळी जाळी स्वच्छ झाली. आधीचा, तक्रारीचा बल्ब लावून तिने तेच केलं, तोही निर्दोष निघाला.

"बल्बचं काही चुकलं नाही," ती म्हणाली. "दार किती वेळा उघडलंत?"

"मी काय हौसेने उघडलं? लोक वागतात कसे ते बघ ना."

"लोक वागतील तसे वागतील. तुम्ही बाहेर बसा. आत मी बसते."

तिसऱ्या स्क्रीनच्या वेळी तो दाराला पाठ लावून स्टुलावर बसला. थोड्याच वेळात सायकल मंडळाचे सेक्रेटरी आले. बनियनी कोऱ्या पाहून त्यांचा पारा चढला. दोन दिवसांचं काम आठ दिवस झाले तरी होत नाही, तुमच्यापेक्षा आम्ही खडूने आकडे काढले असते, असं ते मोठ्याने म्हणाले. छपाईवाल्याचे कान तापले. पण पाठीमागे स्क्रीन वाळत होती. त्याने दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं आणि इतक्या मऊ आवाजात बोलला की त्याचा त्यालाच आवाज ओळखू येईना. चूक सगळी आमचीच आहे म्हणाला, बसून घ्या म्हणाला, पाणी आणतो म्हणाला.

आत बायकोने हे ऐकलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली होती, पण हा आवाज तिने घरात ऐकला नव्हता. सेक्रेटरींशी कोण परका माणूस बोलतोय, आणि नवरा भांडून कुठे निघून गेलाय, ते तिला कळेना. तिने दार उघडून पाहिलं.

दुपारचं ऊन सरळ स्क्रीनवर पडलं.

छपाईवाल्याने स्क्रीनकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. मग भडका उडाला तो तिचा.

"एवढं गोड बोलायला तुम्हाला सांगितलं कुणी? मला वाटलं, तुमचं काही बरंवाईट झालं."

"म्हणजे हाही माझाच दोष?"

"मग कुणाचा?"

आता एकच फ्रेम उरली होती. तिला इमल्शन कुणी लावायचं यावरून वाद झाला, नीट लागलं का यावरून झाला, आणि एकमेकांवर भरवसा नसल्यामुळे शेवटी दोघंही आत जाऊन बसले. सेक्रेटरींना कुणी विचारलं नाही, तरी ते घाबरून स्टुलावर बसले.

बाहेर हॉर्न वाजला, फोन वाजला. आतून एकोणीस वर्षांपूर्वीच्या गोष्टी ऐकू येत होत्या. पण ज्याच्याशी भांडायचं ते माणूस समोरच बसलेलं असल्यामुळे पाऊण तास दार उघडायची दोघांपैकी कुणालाच गरज पडली नाही. स्क्रीन खडखडीत वाळली, मग अक्षरांच्या जागा झाकून तिला उजेड दाखवला, आणि पाण्याच्या पहिल्याच फवाऱ्याला सगळी अक्षरं स्वच्छ उघडली.