साहेबांचा मासा आणि तानाबाईंचा कोरडा दिवस

ज्ञानेशला कंपनीत परमनंट करायचं की नाही, हे आता एका माशाच्या पोटावर ठरणार होतं. मासा बोटाएवढाच, पण रंग असा की पैठणीच्या पदरातून कापून काढलाय. तो होता चाकणच्या कंपनीतल्या प्लँट हेडचा, म्हणजे निरंजन सरपोतदार साहेबांचा.

झालं होतं असं. दोन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर घासणाऱ्या ज्ञानेशनं एकदा केबिनमध्ये साहेबांना खूश करायला म्हटलं होतं, "साहेब, आम्ही मोशीचे. इंद्रायणीकाठची माणसं. मासे म्हणजे आमच्या घरातलेच!" बोलणारा बोलून गेला. साहेब महिनाभरासाठी जर्मनीला निघाले, तेव्हा त्यांनी काचेची पेटी, खारं पाणी, पंप आणि मासा असा अख्खा संसार कंपनीच्या गाडीतून ज्ञानेशच्या फ्लॅटवर धाडला. "परत आलो की तुमच्या परमनंटच्या लेटरचं बघू," असंही म्हणाले. आता याला नाही म्हणायची छाती कुणाची?

मासा भलता नखरेल. वाळकं नको, गोठवलेलं नको, मेलेलं तर बघायचा पण नाही. त्याला लागायचे सुईच्या टोकाएवढे वळवळणारे जिवंत किडे. ते किडे बाटल्यांतल्या खाऱ्या पाण्यात वाढवायचे, आणि किड्यांना खायला दुसऱ्या बाटल्यांत हिरवं पाणी तयार करायचं. बाल्कनीत सात बाटल्या दिवसरात्र बुडबुडत असत. शिफ्टवरून आला की ज्ञानेश चपला काढायच्या आधी बाटल्यांना ऊन लागलं का ते बघायचा.

"मी जेवले का, हे कधी विचारलंत का असं?" त्याची बायको सुप्रिया म्हणायची.

"अगं, तू परमनंट आहेस," ज्ञानेश म्हणायचा.

पंधरा दिवस असे सुखात गेले. मग लेकीकडे गेलेली ज्ञानेशची आई, तानाबाई, शनिवारी संध्याकाळी परत आली, आणि दुसरा दिवस होता रविवार.

रविवार म्हणजे सोसायटीचा कोरडा दिवस. मागच्या वर्षी डेंग्यूनं निम्मी बिल्डिंग झोपवली, तेव्हापासून दर रविवारी पिंपं, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या सगळं उपसून पालथं घालायचं, डासांच्या अळ्या होऊ द्यायच्या नाहीत, असं ठरलं होतं. या कामाच्या प्रमुख तानाबाई. हातात बॅटरी घेऊन त्या घरोघर फिरत आणि कुणाच्या फ्रीजमागच्या ट्रेमध्ये अळी सापडली, तर जिन्यातल्या फळ्यावर त्याचं नाव लिहीत. लोक पोलिसाला भीत नसतील एवढे त्यांना भीत.

ज्ञानेश ओव्हरटाइम करून साडेतीनला घरी आला. बाल्कनीत साती बाटल्या स्वच्छ धुऊन, ओळीनं पालथ्या घातलेल्या होत्या.

"आई! बाटल्यांतलं पाणी?"

"वतलं! आरं, वळवळत व्हतं त्यात. मी दुसऱ्याच्या घरात ब्याटरी मारत फिरायचं आन् माझ्याच घरात ही पैदास? तोंड दाखवायला जागा ऱ्हायली नसती."

"अगं, ते माशाचं जेवण होतं!"

"मग चपाती चुरून घाल की. नदीतलं खात्यात."

"हा नाही खात! दोन दिवस उपाशी राहिला की संपला. आणि मासा गेला की माझं लेटर गेलं!"

तानाबाई मटकन खाली बसल्या.

ज्ञानेशनं पिंपरीतल्या मासेवाल्या रिझवानला फोन लावला. "ते किडे मुंबईहून येतात, भावा," रिझवान म्हणाला. "बुधवारच्या आधी विसर. तोवर डासाच्या अळ्या टाकून बघ. खाऱ्या पाण्यात दहा मिनिटं वळवळतात, तेवढ्यात खाल्ल्या तर खाल्ल्या. अळ्यांना काय तोटा आहे राव आपल्याकडे?"

फोन स्पीकरवर होता. तानाबाई उठल्या, त्यांनी स्वयंपाकघरातून वाटी आणि चहाची गाळणी घेतली. "मी घालवलं, मीच आणते," म्हणाल्या आणि शेजारच्या अंबुबाईंची बेल दाबली.

"अंबुबाई, अळ्या हायत का गं घरात?"

"छे! सकाळीच सगळं उपसलं."

"असतील तर दे की. वाटीभर पुरं."

तानाबाई गोड बोलताहेत म्हणजे नक्की काहीतरी डाव आहे, हे अंबुबाईंनी ओळखलं. "तुमच्या गळ्याची शप्पथ, एक पण नाही!" म्हणत त्यांनी दार लावलं, आणि आतून बादली ओतल्याचा आवाज आला.

तानाबाई वरच्या मजल्यावर पोचायच्या आत सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडला होता: 'तानाबाई अळ्या मागत फिरत आहेत. कोणीही कबूल करू नये.' मग काय विचारता! ज्या दाराची बेल वाजे, त्या दारामागे आधी पाणी ओतल्याचा आवाज आणि मग शपथ. वर्षभर जे पिंप कुणी हलवलं नव्हतं, तेही त्या अर्ध्या तासात पालथं झालं. इतका कोरडा रविवार सोसायटीनं आजवर पाहिला नव्हता.

तानाबाई रिकामी वाटी घेऊन परत आल्या. मासा पेटीच्या तळाशी मान टाकून बसला होता. तानाबाईंचे डोळे भरून आले. "जगाचं उपसत बसले, आन् लेकराच्या पोटावर मीच पाय दिला," त्या म्हणाल्या.

"आई," सुप्रिया जपून म्हणाली, "सगळ्यांचे फ्रीज बघून झाले. आपला कधी बघितलाय?"

"आपला लई जड हाय गं. सरकत न्हाई."

तिघांनी मिळून तो सरकवला. मागचा ट्रे काठोकाठ भरला होता, आणि त्यात टम्म फुगलेल्या अळ्यांची जत्रा लागली होती. तानाबाईंना शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि त्याच दमात त्या आनंदानं ओरडल्या, "अगो बया! केवढाल्या हायत!"

तेवढ्यात बेल वाजली. सुप्रियानं दाराच्या भिंगातून बघितलं. बाहेर चेअरमन दिग्विजय आणि आरोग्य खात्याच्या सादिकाताई. सोसायटीला 'डासमुक्त' अशी पाटी मिळावी म्हणून तानाबाईच वर्षभर सादिकाताईंच्या मागे लागल्या होत्या, आणि ताई नेमक्या आज तपासणीला आल्या होत्या.

तानाबाईंनी सिंककडे बघितलं. ट्रे तिथं उपडा केला असता तर अब्रू वाचली असती. मग त्यांनी माशाकडे बघितलं. बेल पुन्हा वाजली. त्यांनी ट्रे गाळणीवर उलटा केला आणि गाळणी पेटीत झटकली.

मासा आला, त्यानं एका अळीला न्याहाळलं आणि तोंड फिरवलं. ज्ञानेशनं देवाचं नाव घेतलं. मासा पुन्हा वळला आणि त्यानं टपकन अळी गिळली. मग दुसरी. मग तो थांबेचना.

तिसऱ्या बेलला सुप्रियानं दार उघडलं. तानाबाई पेटीपाशी एका हातात ट्रे, दुसऱ्यात गाळणी घेऊन उभ्या.

"काकू! तुमच्याच घरात अळ्या?" दिग्विजय म्हणाला.

सादिकाताई मात्र कौतुकानं पेटीत वाकून बघत होत्या. "गप्पी मासा पाळलात? अळ्या खाणारे मासे पाळा, हे सांगून सांगून आमचा घसा बसला. आणि हा इतका रंगीत कसा?"

"गप्पीच हाय," तानाबाई म्हणाल्या. "जरा सणाचे कपडे घातलेत."

सादिकाताईंनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'गप्पी मासा एक, काम चोख', आणि रजिस्टर मिटलं.

"मग याला खालच्या पाण्याच्या टाकीत सोडू या!" दिग्विजय म्हणाला. ज्ञानेशनं पेटीला मिठीच मारली. आणि नेमका तेव्हाच साहेबांचा जर्मनीहून व्हिडिओ कॉल आला. सुप्रियानं फोन उचलून पेटीसमोर धरला.

"अहो, काय पोट सुटलंय याचं!" साहेबांचा आवाज आनंदानं चिरकला. "माझ्याकडे सहा महिन्यांत इतकं खाल्लं नाही हो यानं. ज्ञानेश, तुमचं लेटर पक्कं समजा. पण घालता तरी काय त्याला?"

ज्ञानेशनं आईकडे बघितलं. तानाबाईंनी फोन हातात घेतला.

"सायेब, भाईरचं काय बी देत न्हाई आमी. समदं घरचं."

"आई, मला रेसिपी सांगा ना!"

"रेशिपी कसली? वरीसभर फ्रीज हालवायचा न्हाई, बास!"

साहेबांना काही कळलं नाही, ते नुसते हसले. सादिकाताईंनी मात्र मिटलेलं रजिस्टर पुन्हा उघडलं.

"लिवा ताई, लिवा," तानाबाई खुशीत म्हणाल्या. "पोराचं लेटर झालं, आता माझी नोटीस लिवा."