आडव्या-उभ्या उमाकाकू

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आत माझ्या खोलीच्या फरशीला खालून काठीचे ठोके बसले, की मी उशीतून डोकं न काढता म्हणायचो, "बोला."

"आपलंच म्हणणं खरं करणारा, चार अक्षरी!"

"हटवादी!"

"शेवटी र आहे."

"हेकेखोर!"

"हां. झोप आता."

चार घरांत 'उमाकाकू'सुद्धा नेमकं बसतं, हे मला नंतर दात घासताना सुचलं. पण ते मी कधी बोललो नाही. शेवटी र नाही, एवढंच काही त्याचं कारण नव्हतं.

मी मूळचा सांगलीचा. बँकेने बनारसला बदली केली, तेव्हा कुणीतरी सांगितलं की दूधविनायकाच्या गल्लीत मराठी घरं आहेत, पोहे तरी धड मिळतील. पत्ता विचारत उमाकाकूंच्या दारात उभा राहिलो. पांढरे केस घट्ट बांधलेल्या, बुटक्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या बाई. भाडेकरूला विचारतात तसं जात, जेवण, लग्न यांतलं काहीच त्यांनी विचारलं नाही.

"भुंगा. तीन अक्षरी."

मी गोंधळलो. "भ्रमर?"

"आणि शेवटी प असेल तर?"

"म... मधुप."

"आणि शेवटी द?"

मला येईना. काकूंनी मोठ्या मनाने 'मिलिंद' सांगून टाकलं आणि किल्ली हातात दिली. माझं नाव त्यांनी तेव्हाही विचारलं नाही. पुढे गावाच्या नावानेच हाक मारू लागल्या. "सांगली, पंखा चालू ठेवून गेलास. बिजली काय फुकट येते?"

काकूंचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या काशीत. त्या स्वतः जन्मल्या इथेच आणि लग्न होऊन आल्या तीन गल्ल्या पलीकडे. महाराष्ट्र त्यांनी दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा तिथलं मराठी त्यांना पसंत पडलं नव्हतं. त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात मात्र बिजली, मच्छर, सब्जी खुशाल वावरायचे. मी एकदा विचारलं, "काकू, मच्छर मराठी शब्द आहे?"

"इथे आहे. पुण्यात त्यांना डास चावत असतील. आपल्याला काय करायचंय?"

पण शब्दकोड्यात असा हिंदी शब्द शिरला, की काकूंचा पारा चढायचा. हे शब्दकोडं यायचं पुण्याहून. भाचा रोज पहाटे वर्तमानपत्रातल्या कोड्याचा फोटो फोनवर पाठवायचा. मग काकू फोन पदराखाली धरून, एखादं नवजात बाळ न्यावं तसा, गल्लीच्या तोंडाशी लल्लनच्या फोटोस्टेटच्या दुकानात जायच्या. तिथून चौकोन मोठा करून आणायच्या आणि शाईच्या पेनाने सोडवायला बसायच्या. पेन्सिल घेत नसत. खोडायची सोय ठेवली की माणूस विचार करत नाही, असं त्यांचं मत.

नुसतं सोडवणं हा त्यातला लहान भाग. खरा आनंद समजावण्यात. लल्लन पक्का बनारसी, मराठीचं अक्षरही न येणारा. पण लिपी एकच असल्याने सूत्रं वाचायचा आणि स्वतःचं डोकं चालवायचा. एकदा सूत्र होतं 'दंड' आणि उत्तर दोन अक्षरी 'शिक्षा'. लल्लनने कागद मशीनवरून उचलता उचलता हात थांबवला.

"काकी, तोहरे मराठी में पढ़ाई सजा ह का?"

"बच्चों से पूछो," काकू म्हणाल्या. मग मागे गिऱ्हाइकांची रांग लागलेली असताना, शिक्षा आणि शिक्षण यांत मराठीने फरक का केला, हे त्यांनी त्याला नीट समजावलं. रांगेतल्या एकाला आधार कार्डाची प्रत हवी होती. तो ज्ञान घेऊन गेला, प्रत विसरला.

कोडं रचणारा माणूस त्यांना ठाऊक नव्हता, पण त्याच्याशी त्यांचं जुनं भांडण होतं. त्याला त्या नुसतं 'तो' म्हणायच्या. "आज त्याचं बायकोशी वाजलंय. बघ, कारलं, काटा, कजाग, सगळं एकाच कोपऱ्यात." किंवा, "आज हे त्याने केलेलं नाही. मेव्हण्यावर सोपवून गावाला गेलाय." 'आशीर्वाद'चं 'आर्शिवाद' झालेलं त्यांना छापील पानावरही सहन होत नसे आणि गणेशोत्सवाच्या फलकावरही. तिथे तर प्रमुख पाहुणे बोलत असताना काकू खुर्चीवर चढल्या, फलकावरचा रफार पुसला, योग्य जागी दिला आणि खाली उतरून म्हणाल्या, "चालू द्या."

पंचगंगा घाटावर त्या स्नानाला जात. पायऱ्या चढता चढता कोडं डोक्यात चालूच. एकदा मी बरोबर होतो. 'भिजलेला, तीन अक्षरी' अडलं होतं. समोरून एक यात्रेकरू अंगाला धोतर चिकटलेल्या अवस्थेत कुडकुडत वर येत होते. काकूंचा चेहरा उजळला. त्यांच्याकडे बोट दाखवून त्या ओरडल्या, "ओलेता!"

गृहस्थ दचकून थांबले. हात जोडून म्हणाले, "नाही हो, आम्ही जाधव."

त्यांना सोडवून पुढे पाठवायला मला बरेच कष्ट पडले, कारण काकू तोवर ओलेता आणि ओलेती यांबद्दल सांगू लागल्या होत्या.

घरात मात्र काकूंना एक ऐकणारं माणूस कधी मिळालं नाही. खालच्या मजल्यावर त्यांच्या थोरल्या जाऊबाई राहायच्या, सुशीलाकाकू. दोघींचे नवरे गेलेले, मुलं लांब नोकरीला. एका चौकात दोन चुली आणि दोन तऱ्हा. सुशीलाकाकू म्हणजे बोलण्याचा धबधबा. भाजीवाल्याशी, गाईशी, लागलेल्या दुधाशी, सगळ्यांशी त्या बोलायच्या. उमाकाकू त्याला 'जाऊबाईंचं दळण' म्हणायच्या. वरून उमाकाकूंनी सहज मोठ्याने वाचलं, "नदी, दोन अक्षरी," की खालून उत्तर यायचं, "हरवली का गं? दाराबाहेर तर होती सकाळी!"

"जाऊबाई, मी तुम्हाला विचारलं नव्हतं."

"मग कुणाला विचारलंस? नदीला?"

आवाज न चढवता ही जुगलबंदी जेवणाच्या वेळेपर्यंत चालायची. लग्नानंतर दोघींचं एकमत झालेली एकही गोष्ट गल्लीत कुणाला आठवत नव्हती.

हिवाळ्यात एका सकाळी फरशीला ठोके बसले ते कोड्याचे नव्हते. मी धावत खाली गेलो. सुशीलाकाकू चौकात बसल्या होत्या, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. उमाकाकू त्यांचं डोकं छातीशी धरून होत्या. लल्लनने दोन माणसं आणली. गल्लीत गाडी येत नाही, म्हणून आम्ही त्यांना खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून नेलं.

जीव वाचला. हळूहळू पायात ताकद आली. पण शब्द गेले. समजायचं सगळं, बोलायला जावं तर भलतंच तोंडातून निघायचं. पाणी हवं असलं की "मोगरा". उशी हवी असली की "पुढारी". आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळायचं, आणि ते कळल्याचं डोळ्यांत दिसायचं. वाचाउपचार करणाऱ्या मुलीने सांगितलं, "रोज बोलतं ठेवा. जितकं बोलतील तितकं परत येईल. गप्प बसल्या तर अवघड."

त्यांची मुलगी आठवडाभर राहून गेली. उमाकाकू तिला म्हणाल्या, "तू जा निश्चिंत. शब्द हे माझंच काम आहे."

दुसऱ्या दिवसापासून शाळा सुरू झाली. मला वर ऐकू यायचं.

"हे काय आहे? भांडं. म्हणा, भांडं."

"मो... मोगरा."

"मोगरा नव्हे. भांडं. 'भ'ला काना आहे, वर अनुस्वार, नीट म्हणा."

"भा... भाऊ."

"भाऊ नव्हे! जाऊबाई, लक्ष द्या ना."

कुणाची चूक दिसली आणि ती तशीच राहू दिली, असं काकूंकडून आयुष्यात घडलं नव्हतं. त्यांनी प्रत्येक शब्द दुरुस्त केला. आणि एके दिवशी सुशीलाकाकूंनी भांड्याकडे पाहिलं, उमाकाकूंकडे पाहिलं, आणि ओठ मिटून भिंतीकडे तोंड केलं. त्यानंतर त्या बोलल्याच नाहीत. चूक नाही, बरोबर नाही, काहीच नाही. भाजीवाला दारात आपोआप हळू आवाजात बोलू लागला.

माझ्या फरशीला ठोके बसायचे बंद झाले. मी एका संध्याकाळी खाली डोकावलो. काकू कोऱ्या कोड्यासमोर बसल्या होत्या. पेन उघडंच.

"सांगली," त्या म्हणाल्या, "त्या झटक्याने जाऊबाईंचे शब्द नेले, आवाज नव्हता नेला. तो मी नेला."

मी म्हणालो, "काकू, तुम्ही मदतच करत होतात."

"चूक काढणं मदत नसते रे. मला आत्ता कळतंय. इतक्या उशिरा कळावं, एवढी मी ढ."

त्यानंतरच्या रविवारी मी सब्जी घेऊन येत होतो. चौकात ऊन आलं होतं. सुशीलाकाकू खाटेवर टेकून बसलेल्या, उमाकाकू खाली पाटावर, मांडीवर कोडं. मी दाराशीच थांबलो.

"जाऊबाई, मला अडलंय," उमाकाकू म्हणत होत्या. "सांगून टाका बाई. रात्र. तीन अक्षरी."

रजनी. मला आलं, म्हणजे त्यांना न यायचा प्रश्नच नव्हता. सुशीलाकाकू गप्प. उमाकाकूही गप्प बसल्या. एवढा वेळ त्या गप्प बसू शकतात हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. शेवटी खाटेवरून घोगरा, न वापरून गंजलेला आवाज आला.

"क... कढई."

उमाकाकूंनी बोटांवर मोजलं. "क, ढ, ई. तीनच की हो! बसलं!" आणि शाईच्या पेनाने, ठळक अक्षरांत, त्यांनी रात्रीच्या जागी कढई लिहिली.

सुशीलाकाकूंनी मान वळवून कागदाकडे बघितलं. संशयाने. मग उमाकाकूंकडे. तोंडाची चांगली बाजू किंचित वर गेली.

दुपारी जिन्यात काकूंनी मला गाठलं. समजावल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. "हे बघ. इथे रजनी होतं. कढई आली. मग र जाऊन क आला. उभ्यात 'सूर्य' दिला होता, म्हणजे रवी. त्याचा आता कवी झाला." छापलेला 'सूर्य' खोडून त्यांनी शेजारी 'कविता करणारा' असं लिहिलं होतं. "आणि शेवटी 'नी'ची 'ई' झाली. इथे 'उदार' होतं, दानी. त्याची झाली दाई. मी सूत्रच बदललं, 'बाळंतिणीची सेवा करणारी'. एकदम शुद्ध."

"आणि मधला ढ?"

"ढच्या वर-खाली काळी घरं आहेत," काकू समाधानाने म्हणाल्या. "देव आहे, सांगली."

तेव्हापासून रोज हेच. सुशीलाकाकू जो शब्द देतील तो घरांत जायचा आणि उमाकाकू बाकीचं अख्खं कोडं त्याच्याभोवती पुन्हा रचायच्या. हे काम मूळ कोड्यापेक्षा दसपट कठीण. कधी 'त्या'ची अर्धी सूत्रं खोडून नवी लिहावी लागत. उत्तरं छापून आली की लल्लन आपणहून विचारायचा, "काकी, मिलाना नहीं है?" काकू म्हणायच्या, "अपना अलग निकला है."

सुशीलाकाकू बोलू लागल्या. आधी एकेक शब्द, मग दोन-दोन. त्यांतले कितीतरी भलतेच, पण आवाज परतला. भाजीवाल्याला त्यांनी एकदा दुधीऐवजी "जिल्हाधिकारी" मागितला. त्याने वाकून दुधी दिला आणि म्हणाला, "लीजिए माताजी, ताजा है." त्या दिवशी त्या स्वतःशीच किती तरी वेळ हसत होत्या.

उन्हाळा आला. एका दुपारी बिजली गेली म्हणून मी खाली चौकात येऊन बसलो. उमाकाकू एका हाताने जाऊबाईंना पंख्याने वारा घालत होत्या, दुसऱ्या हातात पेन.

"पार्वती, दोन अक्षरी," त्यांनी वाचलं आणि नाक मुरडलं. "काशीत बसून हे काय विचारायचं! आज पुन्हा मेव्हणा दिसतोय."

मी तिरकं पाहिलं. आडव्यात 'गौरव' भरलेलं होतं आणि त्याच्या गौवरून उभं उतरायचं होतं. गौरी. उघड होतं.

"सांगा जाऊबाई. पार्वती."

सुशीलाकाकूंनी कागदाकडे पाहिलंच नाही. त्या उमाकाकूंकडे पाहत होत्या, घामाने चिकटलेल्या केसांकडे, हलणाऱ्या पंख्याकडे. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले.

"उ... उमा."

पंखा थांबला. झटका आल्यापासून त्या नावाने त्यांनी हाक मारली नव्हती. मला वाटलं, काकू आता गौ खोडतील आणि त्यातून नवं काहीतरी रचतील. पण त्यांनी पेनाला टोपण लावलं. कागद मांडीवरून खाली घसरला, तो उचललाही नाही.

"काय, जाऊबाई?"

"उमा," सुशीलाकाकू पुन्हा म्हणाल्या. या वेळी न अडखळता.

"हो," काकू म्हणाल्या आणि पंखा पुन्हा हलवू लागल्या. "आहे मी."