हलक्या कानाची कपाटं

"बिदर जिल्ह्यात डोळे सगळ्यांना आहेत, नजर तेवढी मला आहे," असं विरुपाक्ष म्हणायचा, आणि म्हणताना बहुतेक वेळा स्वतःचा चष्मा शोधत असायचा. तो सापडला की पुढचं सांगायचा. आपला मेंदू म्हणजे बिनआवाजाचं यंत्र आहे, आपल्यासमोर गुन्हेगार आपोआप घामाघूम होतो, आणि आपण मोठ्या शहरात जन्मलो असतो तर तिथली चोरीच बंद पडली असती.

नौबादमध्ये त्याचं मोटारसायकलच्या सीट कव्हरचं दुकान होतं. पाटीवर आधी 'सीट कव्हर' आणि खाली, त्याहून मोठ्या अक्षरात, 'गुप्तहेर'. गुप्तच राहायचं तर पाटी कामून, असं त्याच्या मेहुण्यानं, म्हणजे शिवप्रसादनं, एकदा विचारलं होतं. पाटी लावलेल्या माणसाचा कुणाला संशय येत नाही, असं उत्तर मिळालं. शिवप्रसाद पुन्हा कव्हरं शिवायला लागला.

विरुपाक्षच्या नावावर यशही होतं. हरवलेली म्हैस त्यानं शोधून काढली होती. फक्त ती दुसऱ्याची निघाली. एका लग्नात चोरीला गेलेल्या चपलांचा माग काढत काढत तो थेट स्वतःच्या पायांपाशी पोचला होता. तेव्हापासून त्याची बायको विजयश्री हिनं भावाला बजावून ठेवलं होतं की, दाजींना तपासाला एकटं सोडायचं न्हाई, कुठंतरी मार खाऊन येतील. म्हणून शनिवारी सकाळी ठाणाकुशनूरहून फोन आला तेव्हा शिवप्रसादनं मुकाट्यानं सुई ठेवली आणि गाडीला किक मारली.

फोन पिराजींचा होता. पिराजी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला मऊ, आणि जुन्या आवाजाच्या यंत्रांचे वेडे. हैदराबादच्या एका जुन्या बंगल्यातून त्यांनी स्पीकरची जोडी आणली होती. जोडी म्हणजे दोन कपाटंच. माणसाच्या छातीपर्यंत उंच, शिसवी रंगाची, आत भला मोठा कर्णा घडी घालून बसवलेला. ती बैठकीच्या दोन कोपऱ्यांत उभी होती. त्या कोपऱ्यांत पूर्वी त्यांच्या बायकोच्या, सरुबाईंच्या, ज्वारीच्या कोठ्या होत्या. त्या आता स्वयंपाकघरात होत्या, आणि सरुबाईंना चुलीपाशी जायला आडवं होऊन जावं लागत होतं.

तक्रार अशी, की अ‍ॅम्प्लिफायर चालू केला रे केला की दोन्ही कपाटं घुमायला लागत. घूंऽऽऽ. गाणं लावा, न लावा, घूंऽऽऽ. पिराजींनी अ‍ॅम्प्लिफायर बदलून पाहिले, प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठा आणला, आणि प्रत्येक वेळी घुमणं आधीपेक्षा मोठं झालं. यावरून कुणीतरी आपल्यावर डूख धरलाय, असं त्यांचं मत झालं होतं.

"जाणकार लोक ह्याला 'हम' म्हणतेत," पिराजी म्हणाले.

विरुपाक्षनं डोळे मिटले. "हम," तो म्हणाला. "मी न्हाई, हम. म्हणजे गुन्हेगार एकटा न्हाई. टोळी आहे."

शिवप्रसाद खाली बघत राहिला. अशा वेळी खाली बघायची त्याला सवय होती.

खरा पेच सरुबाईंनी सांगितला. त्यांचे वडील, अप्पा, गायन पार्टीत गायचे. भीमजयंतीला औराद-भालकीकडची गावं त्यांना बोलावणं पाठवायची. ते गेले त्याला कैक वर्षं झाली. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट उरली होती, तीही कुणी धड ऐकली नव्हती, कारण घरातल्या टेपरेकॉर्डरचा स्पीकर उंदरांनी कुरतडला होता. उद्या रविवारी सरुबाईंचा भाऊ राजपाल कलबुर्गीहून आणि धाकटी बहीण शिवकन्या करजगीहून खास अप्पांना ऐकायला येणार होते. पिराजींनी त्यांना निरोप धाडून ठेवला होता की असं ऐकवतो, की अप्पा समोर बसलेत असं वाटंल.

"उद्या अप्पाचा आवाज आला तर आला," सरुबाई म्हणाल्या. "न्हाई आला तर सोमवारपासून ह्या कपाटात माझ्या कोंबड्या राहतेत. मी जाळी बी बघून ठेवलीय."

पिराजींनी विरुपाक्षकडे असं पाहिलं, जसं रुग्णाचे नातेवाईक डॉक्टरकडे बघतात. शिवप्रसादला त्यांची दया आली. हा डॉक्टर त्याला ठाऊक होता.

विरुपाक्षनं पिशवीतून स्टेथोस्कोप काढला. जुन्या बाजारात मिळालेला होता आणि आजवर तो दाराला लावून शेजाऱ्यांची भांडणं ऐकण्यापलीकडे उपयोगाला आला नव्हता. त्यानं भिंतींना, जमिनीला, मीटरला आणि घाईघाईत पिराजींच्या पाठीलाही तो लावून पाहिला. मग बोट थेट पूर्वेच्या भिंतीकडे केलं. पलीकडे अंकुशरावांची पिठाची गिरणी होती.

विरुपाक्षचा सिद्धांत सोपा होता. गिरणी घुमते, कपाटं घुमतात, म्हणजे गिरणी करंटातून इकडं येते. अंकुशराव गिरणीच्या दारातच भेटले. अंगभर पीठ, भुवयासुद्धा पांढऱ्या. गुन्हेगारानं वेषांतर केलंय, हे विरुपाक्षनं शिवप्रसादच्या कानात सांगितलं. अंकुशरावांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि गिरणी बंद केली. रांगेत डबे घेऊन उभ्या असलेल्या बायांनी मात्र शांतपणे ऐकून घेतलं नाही. त्यांनी विरुपाक्षच्या कुळाची मराठीत चौकशी केली आणि उरलेली कानडीत पूर्ण केली. इकडे पिराजींनी बटण दाबलं.

घूंऽऽऽ.

गिरणी निर्दोष सुटली. विरुपाक्ष खचला नाही. चुकीचा माणूस वगळणं हेच अर्धं यश असतं, असं त्यानं जेवताना सांगितलं. जेवायला भाकरी, पेंडपाल्याची भाजी आणि शेंगाची चटणी होती आणि तो ते यश बराच वेळ जेवत होता. नंतर त्यानं जाहीर केलं की आता आपण कपाटापाशी बसून पाळत ठेवणार, अ‍ॅम्प्लिफायर बंद, सगळ्यांनी बाहेर थांबायचं.

थोड्या वेळानं सरुबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या की, आता तर ते यंत्र बंद असून बी घुमायलंय. पिराजींचा चेहरा उतरला. शिवप्रसाद आत जाऊन बघून आला. दाजी भिंतीला टेकून घोरत होते.

जागा झाल्यावर विरुपाक्षनं दुसरा सिद्धांत मांडला: ज्याचा फायदा, तो गुन्हेगार. कपाटं बिघडली तर फायदा कुणाचा? कोंबड्यांचा. आणि कोंबड्या कुणाच्या? त्यानं सावकाश मान वळवून सरुबाईंकडे पाहिलं. सरुबाईंच्या हातात उलथणं होतं. सिद्धांत तिथंच मागे घेण्यात आला.

रात्री मुक्काम पिराजींकडेच पडला. रविवारी सकाळी अंकुशराव आपण होऊन आले. त्यांच्याविषयी शिवप्रसादला कालपासूनच ओशाळल्यासारखं होत होतं, पण त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांचा लग्नावरातीला साऊंड सिस्टिम देण्याचाही धंदा होता. ते म्हणाले, एवढ्या मोठ्या स्पीकराला घरगुती यंत्र पुरत नसंल, माझा वरातीचा अ‍ॅम्प्लिफायर लावून बघा.

विरुपाक्षला हे फार पटलं. हे आपण कालच म्हणणार होतो, असंही तो म्हणाला. "मोठ्या बैलाला मोठी पेंड," त्यानं पिराजींना समजावलं. "तुम्ही हत्तीला बशीत पाणी पाजायलाव."

"किती वॅट लागतील म्हणता, अण्णा?" पिराजींनी विचारलं.

"होतील तेवढे वॅट लागू द्या."

"आता माझ्या घराची वाट लागंल," आतून सरुबाई म्हणाल्या.

तो अ‍ॅम्प्लिफायर दोघांनी उचलून आणला. पिराजींनी तारा जोडल्या. विरुपाक्ष गुडघ्यांवर बसला, स्टेथोस्कोप कानांत घातला आणि त्याचं दुसरं टोक थेट कर्ण्याच्या तोंडाला लावलं, म्हणजे गुन्हेगार बोलला की पहिला शब्द त्यालाच ऐकू येईल. शिवप्रसाद नको म्हणणार होता. पण त्याचं नको आणि अंकुशरावांचं बटण एकाच वेळी झालं.

जे झालं त्याला आवाज म्हणणं बरोबर नाही. मांडणीवरची भांडी खाली आली. लोणच्याची बरणी फळीवरून चालत चालत कडेला आली आणि तिथं थांबली. गल्लीतली कुत्री एकदम गप्प झाली. अंकुशरावांनी बटण बंद केलं तेव्हा विरुपाक्ष तसाच गुडघ्यांवर होता, चेहऱ्यावर अतिशय शांत भाव.

"दाजी, लागलं का?" शिवप्रसादनं विचारलं.

"न्हाई, नाष्टा झालाय," विरुपाक्ष म्हणाला.

त्याला काहीही ऐकू येत नव्हतं. शिवप्रसाद घाबरला. ताईला काय सांगायचं, हेच आधी त्याच्या मनात आलं. त्यानं खुणा करून विचारलं, पाणी पाजलं. अंकुशराव म्हणाले की वरातीत पोरांचं असं होतं, एखाद दिवसात उतरतं. विरुपाक्षला मात्र ही शांतता वेगळीच भासली. घुमणं थांबलं होतं. याचा अर्थ त्यानं एकच लावला, आणि ताठ बसून मिशीवरून हात फिरवला.

दुपारी पाहुणे आले. राजपाल आणि शिवकन्या हातपाय धुऊन बैठकीत बसले आणि एकदा कपाटांकडे, एकदा पिराजींकडे बघत राहिले. पिराजींनी जुना अ‍ॅम्प्लिफायर पुन्हा जोडला होता. काय होणार हे त्यांना माहीत होतं, आणि तरी ते कॅसेट फडक्यानं पुसत होते. त्यांनी बटण दाबलं. घूंऽऽऽ आलं, त्याच्या तळाशी कुणीतरी गात असल्याचा भास आला, शिवकन्या पुढं झुकली, आणि तेवढ्यात करंट गेला.

पिराजी खुर्चीवर बसले. राजपाल म्हणाला की जाऊ द्या भावजी, पुन्हा कवातरी ऐकू. पण तो असं म्हणाला की सरुबाई उठल्याच. त्यांनी टेपरेकॉर्डर मांडीवर घेतला, देव्हाऱ्यातल्यासारख्या जपलेल्या बुद्धमूर्तीमागच्या डब्यातून टॉर्चचे सेल आणून त्यात भरले आणि कळ दाबली. उंदरांनी खाल्लेल्या स्पीकरातून फक्त फरफर आली.

सरुबाईंनी शिवप्रसादकडे बघितलं. "बाबा, ह्या फाटक्याच्या तारा सोडीव आन् त्या कपाटाला लाव. कपाट तरी फाटकं न्हाई."

पिराजी म्हणाले की असं काही होत नसतं. तो टेपरेकॉर्डर म्हणजे रातकिडा, त्याच्यानं हे कपाट कसं हलंल? पण म्हणण्यात जोर नव्हता, आणि शिवप्रसादनं तोवर दातांनी तार सोललीही होती. तारा पिळल्या. सरुबाईंनी कळ दाबली.

घुमणं नव्हतं. आधी टेपची बारीक सरसर आली. मग कुणीतरी खोकलं. ते खोकणं इतकं जवळून आलं की राजपालनं वळून मागे पाहिलं. पेटीचा भाता हलला, कुणाची तरी बांगडी वाजली, आणि एका म्हाताऱ्या माणसानं श्वास घेतला आणि गायला सुरुवात केली. घर भरलं. गल्लीत अंकुशराव गिरणीला कुलूप घालत होते, ते कुलूप हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले.

पिराजी कपाळाला हात लावून बसले होते. बंगल्यातल्या म्हाताऱ्या मियाँनी कपाटं देताना बजावलं होतं, 'इनको बहुत कम लगता.' पिराजींना वाटलं होतं, काहीही दिलं तरी ह्यांना कमीच वाटतं. म्हणून ते मोठ्यावर मोठं यंत्र आणत गेले. मियाँ एवढंच सांगत होते, की ह्यांना फार थोडं पुरतं. हलक्या कानाची कपाटं ती. यंत्राच्या पोटात जरा कुठं गुरगुर झाली, की गावभर सांगायची.

हे सगळं ते शिवप्रसादला कुजबुजत सांगत होते, तेवढ्यात विरुपाक्ष उभा राहिला. त्यानं सगळ्यांचे ओले डोळे पाहिले होते आणि घुमणं पुन्हा असह्य झालंय असा निष्कर्ष काढला होता. "गुन्हेगार," तो म्हणाला, आणि ऐकू येत नसल्यानं फारच मोठ्यानं म्हणाला, "ह्याच खोलीत आहे." शिवप्रसादनं त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

अप्पांचं कडवं संपलं. पेटी नुसतीच वाजत राहिली. मग त्याच आवाजात, पण गाण्यातून बाहेर येऊन, अप्पा म्हणाले, "सरू, दार लाव की गं. कुत्रं आत यायलंय."

सरुबाई उठल्या. पदर सावरत दारापर्यंत गेल्या, अंकुशरावांना हातानं आत घेतलं, दार लोटलं आणि कडी घातली. मग त्यांचा हात कडीवरच राहिला. त्या वळल्या नाहीत. शिवकन्या तोंडात पदर धरून बसली होती. पुढचं कडवं सुरू झालं.

तेवढ्यात विरुपाक्ष शिवप्रसादच्या कानाशी झुकला.

"बघितलास?" तो म्हणाला. "गुन्हेगार पळू नये म्हणून बाईनं दार लावलं. एवढ्या घरात एकटीच हुशार आहे."

"व्हय, दाजी," शिवप्रसाद म्हणाला.